कारकून आणि साहेब, एकच नोंद

सॉफ्टवेअरचं नाव काढू नका, आधी चहा पिऊ द्या. तीस वर्षांच्या बातमीदारीच्या डायऱ्या कॉम्प्युटरवर नीट लावायच्या म्हणून मी तीन सॉफ्टवेअर बघितली. पहिल्याला आडनावाशिवाय नोंदच चालेना. अरे, आतली बातमी देणारा माणूस आडनाव सांगत बसतो का? दुसरं त्याची जन्मतारीख मागायला लागलं. तिसरं गप्प होतं, म्हणून तेच घेतलं आणि मुलीला, मुक्ताला, नोंदी भरायला बसवलं.

माझ्या डायरीत एक 'निफाडचा चष्मेवाला' आहे. सरकारी ऑफिसातला कारकून, टेंडरची कागदपत्रं मला तोच दाखवतो. त्याच्या साहेबांचीही नोंद आहे. दोघांच्या ऑफिसचा फोन एकच. सॉफ्टवेअरने विचारलं, 'ही एकच व्यक्ती आहे का?' मुक्ता हो म्हणून मोकळी. दोन्ही नोंदी एक झाल्या आणि चष्मेवाल्यापुढे साहेबांचा मोबाईल नंबर बसला.

मी चष्मेवाल्याला मेसेज टाकला, 'टेंडरची फाईल कधी देता? तुमचं नाव कुठेही येणार नाही.' मग नंबर बघितला, तर तो साहेबांचा. ऑफिसातलं कोण फुटलंय, हे साहेब लगेच ओळखणार. त्या बिचाऱ्याची नोकरी मी घालवली होती.

"मुक्ता, काय करून ठेवलंस हे?"

"सॉफ्टवेअरनेच विचारलं, बाबा."

दहा मिनिटांनी साहेबांचं उत्तर आलं. 'उद्या सकाळी गंगापूर रोडला भेटा. टेंडरवर सही वरच्यांची आहे, माझं नाव खरंच नको.'

मुक्ताने ते दोनदा वाचलं. "मग बाबा, सॉफ्टवेअरचं चुकलं काय?"