तीन हॅना आणि एक दगडू

...नाही हो, आमचा व्याही वॉल्टर माणूस म्हणून सोन्यासारखा, पण त्याचा तो खानदानाचा नाद! तुम्हाला सांगते, मी इथे अमेरिकेत, नोव्हायला आले लेकीच्या बाळंतपणाला, आणि करतेय काय? तर वॉल्टरच्या खापरपणज्यांची बाळंतपणं शोधतेय! का, तर मी नागपूरला फार्मसिस्ट होते, डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात जन्म गेला. मग व्हर्जिनियातल्या अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं अक्षर मला काय अवघड! बाळाच्या खोलीत वंशवृक्ष लावायचाय ना... अर्धा त्यांचा, अर्धा आमचा. लॅपटॉपवर चर्चची जुनी पानं उघडायची, कोण जन्मलं, कोणाचा बाप्तिस्मा, कोणाला पुरलं... त्यांचं सगळं लिहिलेलं आहे हो, सगळं!

तर एका घरात सापडली हॅना. पुढे परत हॅना. आणखी पुढे, परत हॅना! आई तीच, बाप तोच. मी म्हटलं, हा पाद्री डुलक्या काढत लिहीत असणार, एकाच पोरीवर किती वेळा पाणी शिंपडतोय! टाकली तिघींची मिळून एक करून. तर वॉल्टर हळूच म्हणतो, "नो, शीला... पहिली गेली, म्हणून दुसरीला तेच नाव. तीही गेली. मग तिसरी."

अगं बाई! गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा पाळण्यात? आपल्याकडे कोणाची छाती होईल? आपलं उलटं. लेकरं जगत नसली की पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटावं, हे कशाला न्यायचं! माझे बाबा तसेच... दगडू.

मोनाली म्हणाली, "आई, मग आजोबांच्या आधीची? त्यांची नेम्स?" मी लहानपणी विचारलं की माझी आजी नुसती बोटं मुडपायची आणि मध्येच उठून चुलीकडे जायची. गावाबाहेरच्या वस्तीत लिहायला येत कोण होतं? त्यांचं सगळं लिहिलेलं आहे हो... आमची लेकरं आजीच्या बोटांवर होती, आजीबरोबर गेली. फार लागलं मनाला. खरंच.

वॉल्टरनं पेन माझ्या हातात दिलं. मी दगडू लिहिलं, आणि शेजारी रिकाम्या चौकटी काढल्या. किती ते मलाच माहीत नाही, जागा होती तेवढ्या काढल्या.

तर हा विचारतो, "दगडू मीन्स?" म्हटलं, "स्टोन." झालं! "स्टोन! व्हॉट अ नेम!" जावई टुणकन उठला, मोनाली पोटावर हात ठेवून, "ओ माय गॉड, येस!" अहो, ज्या नावापायी माझे बाबा शाळेत खाली मान घालून बसायचे, ते आता नातवाला हौसेनं! मी सांगतेय, अरे, ते हौसेचं नाव नाही, भीतीचं आहे... पण ऐकतंय कोण?

ठेवा स्टोन, म्हटलं. हॉस्पिटलात लिहा, चर्चमध्ये लिहा, आमच्या विहारातही लिहा, त्याचं तरी सगळं लिहिलेलं राहू दे. आणि माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही हं, मी अंधश्रद्धेवर भाषणं देते... पण हाक मात्र दगड्या अशीच मारणार. उगाच कशाला!