सूनबाईंच्या खिशातला फ्यूज

बांधलं हो मला! मला! माझ्याच गच्चीवर, माझ्याच सुनेनं, दिवसाढवळ्या, दोरीनं! हसू नका, आधी ऐका, कारण आमच्या नणंदबाईंनी तुम्हाला भलतंच काहीतरी सांगितलेलं असणार...

तर तुम्हाला सांगते, त्या इंटरनेटच्या पांढऱ्या थाळ्या असतात ना, उंच खांबावर बसवतात त्या, त्या आमची सून लोकांच्या गच्चीवर चढून लावते. माणसं पाठवत नाही, स्वतः चढते! आणि घरात काय? दिव्याखाली अंधार! मुलगा तिकडे लांब नोकरीला, फोनवर दिसायला लागला की तोंड उघडलं ते उघडलंच, आत माशी गेली तरी हलायचं नाही! म्हटलं, बाई गं, जगाच्या घरी लावतेस, आमच्या डोक्यावर कधी? झालं, रविवारी सकाळी कंबर कसून निघाली.

निघाली म्हणजे चढली असं वाटलं का तुम्हाला? छे हो! आधी अंगणात तो खांब आडवा टाकला आणि एक टोक पायाखाली धरून दुसरं गर्रकन फिरवलं. म्हटलं, काय गं हा खेळ? तर म्हणते, "आई, वर हा हातातून सुटला आणि कुठल्याही बाजूला पडला, तरी रस्त्यावरच्या विजेच्या तारेला लागता कामा नये. म्हणून बघतेय कुठवर पोचतो." आणि तारेपर्यंत पोचत होता की! मग गच्चीवरची जागा बदलली, पार मागच्या बाजूला नेली. मी म्हटलं, अगं, पण सुटेलच कशाला? तर नुसती हसली. ते हसणं कसं असतं माहितीये? आपण लहान पोराला हसतो ना, तसं!

मग घराचा मेन बंद. बरं, नुसता बंद करून भागेल? फ्यूज उपसला, पँटच्या खिशात टाकला, वर चेन लावली! आणि नेमक्या आमच्या वन्सं... महिनाभर राहायला आल्यात, असू देत, भावाचं घर आहे... तर वन्सं केस वाळवत बसलेल्या, ते गरम वारा सोडणारं यंत्र घेऊन. अर्धं डोकं वाळलेलं, अर्धं ओलं, आणि यंत्र गपकन बंद! "वहिनीऽऽ! हिच्या थाळीपायी मी काय अशीच बसू? अहो, आमच्याकडे वायरमन येतो, दोन मिनिटांत चढतो, दोन मिनिटांत उतरतो, कसला पट्टा न् कसलं काय! तुमची सून म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!"

मला असा राग आला! पण पाहुण्या माणसाला काय बोलणार? चहा घेतला आणि गेले वर. तर सूनबाई पट्टे आवळून, डोक्यावर टोपी घालून उभ्या. "आई, मागच्या बाजूला कठडा नाही. एक तर खाली जा, नाहीतर हा दुसरा पट्टा घाला." म्हटलं, माझ्या गच्चीवरून मला हाकलतेस? नाही जात जा! की लगेच बांधलं हो मला! खांद्याला पट्टा, कमरेला पट्टा, मांड्यांना पट्टा, आणि दोरी टाकीखालच्या सिमेंटच्या खांबाला. दोरीही अशी आखूड की कडेपर्यंत हातसुद्धा पोचू नये. हातात चहाचा कप, आणि मी दावणीला!

आता ऐका. त्या कडेनं गच्चीवरच्या दिव्याची एक जुनी वायर गेलीय, वरचं प्लास्टिक उडालेलं, आतलं तांबं उघडं. खांबाला लागली तर अख्खा खांब करंट मारणार, म्हणून ही आधी ती बाजूला करायला बसली. टेस्टर लावला, मगच हात घातला. आणि तेवढ्यात... खट्!

आमच्या मेनचा खटका आहे तो. मी ओळखते ना! खाली वन्संनी मेन लावला होता.

अहो, तिच्या हातात उघडी वायर, आणि माझं लेकरू... हो, लेकरूच म्हणाले मी... मुलाला काय तोंड दाखवू? कप दिला फेकून, "सोड गं, सोड!" म्हणत धावले ती सरळ त्या बिनकठड्याच्या कडेकडे, सांडलेल्या चहावरून पाय सटकला, आणि मागून दोरीनं असा हिसडा दिला की बसलेच मी मट्टकन! पुढे बघते तर कड, आणि कडेखाली शेजाऱ्यांचं अंगण. बांधलं हो मला... बांधलं म्हणून तर तुमच्यासमोर बसलेय!

आणि ही? ढिम्म! हात तसाच वायरवर. "आई, हलू नका. फ्यूज इथं आहे," म्हणून खिशावर थोपटलं. मी तिथंच बसून ढसाढसा रडले, अगदी लाज सोडून.

ती खाली उतरली तेव्हा वन्संचा चेहरा पांढराफटक. "मला वाटलं, झालं असेल गं काम..." तिच्या जागी मी असते तर फाडून खाल्लं असतं. ही म्हणते कशी, "आत्या, पाणी प्या आधी. खटका दिसला की माणूस लावतंच. म्हणून फ्यूज माझ्याजवळ ठेवते." आणि प्यायला पाणी देऊन परत वर गेली, खांब उभा करून थाळी बसवली, आभाळातली वीज पडलीच तर जमिनीत उतरावी म्हणून खांबापासून जाड वायर पार जमिनीत नेऊन पुरली, सगळं हलवून बघितलं, मगच फ्यूज लावला. ऊर भरून आला हो माझा!

संध्याकाळी मुलगा दिसला, असा स्वच्छ, दाढी न केलेली सुद्धा दिसली! मी तोंड उघडणार, तोच वन्सं मध्ये घुसल्या, "अरे, आमची सून म्हणजे काय चीज आहे तुला माहितीये का?" आमची! आता शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना फोन, आमची सून अशी न् आमची सून तशी. भांडणार होते मी. पण खरं सांगू? एवढी सून एकटीनं मिरवायची म्हणजे माझ्याही तोंडाला फेस येतो. म्हटलं, घ्या वन्सं... अर्धी तुमची!