बेस्तरवारची उमेदवारी

(वेंगुर्ले, १९६२. हायस्कूलच्या मागची नवी कार्यशाळा. मधली सुट्टी. यशोदा उभादांड्याहून तरातरा चालत आली आहे.)

यशोदा : माका बसाक सांगू नकात, मास्तरांनू. आधी ह्यो शर्ट बघा. तीनदा उकळलंय, राखेन चोळलंय. ह्यो काळो डाग कसलो?

मास्तर : वंगणाचा असणार. तुमचा सत्यवान परवा लेथवर होता.

यशोदा : थंय कित्याक होतो तो? मी झिलाक शाळेत धाडलंय की कारखान्यात?

मास्तर : शाळेतच आहे तो. ह्या जूनपासून आपल्याकडे तांत्रिक शाखा निघाली ना. नववीपासूनची मुलं सकाळी गणित, इंग्रजी, सगळं नेहमीसारखं शिकतात आणि दुपारी इथे येतात. कानस चालवायची, लोखंड मापात आणायचं, यंत्र खोलून परत जोडायचं. सगळ्यांना नाही घेतलं. वीसच मुलं निवडली.

यशोदा : आणि त्या विसांत माझो झील गावलो तुमका.

मास्तर : गणितात पहिला आहे म्हणून.

यशोदा : गणितात पयलो म्हणान हातात हातोडो? मगे नापास झाल्यांका काय, पेन? अवो, हातोडो आमच्या घरात चार पिढ्ये पडलेलो आसा. तेवढ्यासाठी शाळा नको होती. त्येच्या आज्यान होडये बांधल्यान, बापाशीन बांधल्यानी. ह्येना त्ये वाटेक जाव नये म्हणान मी त्येका तुमच्या हवाली केलंय, आणि तुमी त्येका फिरवन परत थंयच नेवन सोडल्यात.

मास्तर : हे सुतारकाम नव्हे, यशोदाबाई. आता होड्यांना इंजिनं यायला लागली. ती बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस ह्या किनाऱ्यावर शोधून मिळत नाही.

यशोदा : नाय मिळना तर नाय मिळांदे. माझ्या भावान मुंबयत सायबाकडे शब्द टाकून ठेवलो आसा. पोर मॅट्रिक झालो की जहाजांच्या कचेरीत कारकून. पंख्याखाली बसतलो. सकाळी धा बोटां घेवन जातलो, सांजेक धा बोटां घेवन परत येतलो. माका इतक्याच व्हया.

मास्तर : तुमच्या यजमानांच्या, हरिश्चंद्र मेस्त्रींच्या अंगठ्याचं मला ठाऊक आहे.

यशोदा : ठावक आसा तरी? होडी तासताना वाकस निसाटलो आणि उजवो आंगठो गेलो. तीन वर्सां झाली. त्या दिवसापास्ना मनीस खळ्यात बसान आसा. होडयेकडे बघूक नको, बंदरार जावक नको, कोणाकडे दोन शब्द बोलूक नको. ह्या सगळा बघून मी पोराक परत हत्याराकडे लावू? कोणी सांगल्यान तुमका आंगठ्याचा?

मास्तर : त्यांनीच.

यशोदा : हेनी? ते हय इल्ले?

मास्तर : जूनमध्ये. पालकाची संमती लागते. हा बघा फॉर्म.

यशोदा : माका वाचूक येणा नाय.

मास्तर : ही खाली त्यांची सही आहे. डाव्या हाताने केली, बराच वेळ लागला. मी म्हटलं, अंगठा चालेल की. तर म्हणाले, चांगला होता तो गेला, आता उरलेला कशाला देऊ.

यशोदा : असा बोलले?

मास्तर : हसून बोलले.

यशोदा : तीन वर्सांत माझ्याकडे हसान कधी बोलूक नाय ते. जून, जुलय, आगस्ट, सप्टेंबर. चार म्हयने माझ्या हातची पेज जेवतत आणि एका शब्दान बोलणत नाय. तुमी तरी सांगूचा होता.

मास्तर : तिला मीच सांगतो, तुम्ही सांगू नका, असं म्हणाले होते. मला वाटलं सांगितलं असेल.

यशोदा : बापूस गप, झील गप, मास्तर गप. घरात काय चल्ला ता माका शर्ट धुताना कळता. बोलवा त्येका.

मास्तर : सत्यवान, इकडे ये. आई आली आहे.

सत्यवान : आये, तू हय?

यशोदा : हात दाखव. दोनय. ह्या काय लागला?

सत्यवान : कानशीन खरचाटला. कायएक नाय ता.

यशोदा : तुझ्या बापाशीचाय पयला कायएक नायच होता. मास्तरांनू, काढा ह्येचा नाव. आत्ता, माझ्यासमोर.

सत्यवान : आये, नाव काढलास तर बाबा बेस्तरवारी खंय जातले?

यशोदा : बेस्तरवारी ते देवळात जातत. दत्ताच्या भजनाक. त्येचो हय काय संबंध?

सत्यवान : बंदरार जातत ते. माझ्याबरोबर.

मास्तर : दर गुरुवारी आमची मुलं बंदरावर बाबू फिटरकडे उमेदवारी करतात. मेस्त्री तिथे येतात हे मला आजच कळतंय.

यशोदा : खोटा बोलशीत तर बघ.

सत्यवान : दत्ताशपथ. मीच बोलावलंय त्येंका, घराक बसान कंटाळतत म्हणान. तीन बेस्तरवार नुसते वाळूत बसान होते. बाबू फिटरान पयल्या होडयेत इंजान बसयल्यान, तर पाणी आत येवक लागला. त्येका लोखंड कळता, लाकूड नाय. इंजनाच्या पाण्यातल्या पंख्याचो दांडो भायर काढूक भलत्याच जाग्यार भोक पाडल्यान. चौथ्या बेस्तरवारी बाबा उठले. खडू घेतल्यानी आणि दुसऱ्या होडयेच्या लाकडार खूण केल्यानी. हय पाड, म्हणाले. बाबू म्हणालो, तुमका इंजनातला काय कळता? मगे बाबा असे वराडले, अख्ख्या बंदरान मान वळवन बघितल्यान.

यशोदा : हे वराडले?

सत्यवान : होय तर. आणि होडी गळूक नाय. आता बाबू त्येंका इचारल्याशिवाय लाकडाक हात लावणा नाय.

यशोदा : म्हणान बेस्तरवारी परत भात मागान घेतत. आणि मी येडी, दत्ताक नारळ ठेवतंय.

मास्तर : मग काय करू? नाव काढू?

यशोदा : वायच गप रवा तुमी. माका इचार करूंदे. मॅट्रिक चुकाची नाय ना?

मास्तर : नाही चुकणार. मॅट्रिकला बसेल तो, आणि चांगल्या मार्कांनी पास होईल.

यशोदा : तर मगे नाव रवांदे. पण माझ्या भावाक तुमी पत्र लिवा. शब्द त्येना टाकलोहा, त्येका काय सांगूचा ता तुमी निस्तरा. माझ्या नावान लिवू नकात. आणि बाबूक सांगा, ह्येका चालू यंत्रात हात घालूक सांगल्यान तर मी बंदरार येतलंय.

मास्तर : सांगतो.

सत्यवान : आये, बाबांका सांगू, तुका सगळा कळला म्हणान?

यशोदा : नको. परवा बेस्तरवार. देवळात जातंय म्हणान सांगतीत. सांगांदेत.

सत्यवान : पण कित्याक?

यशोदा : तीन वर्सांनी केस इंचरून खंय तरी जातत ते.