न विझवलेली सिगारेट

अजून आठवलं की डोकं फिरते माझं. आलापल्लीले मास्तर होतो तेव्हा. एका जुन्या काळ्या-पांढऱ्या इंग्रजी डिटेक्टिव्ह सिनेमासाठी चंद्रपूरहून व्हीसीआर आणला, एसटीत मांडीवर धरून, ऐन मे महिन्यात! सिनेमा संपल्यावर अंगणात सगळ्यांसमोर अर्धा तास बोललो. त्या सावल्या, ती दगाबाज बाई; म्हटलं, आपले हिंदीवाले अजून याचीच नक्कल करून राह्यले, एवढा याचा असर!

मग फॉरेस्ट गार्डले विचारलं, "मडावीभाऊ, कसा वाटला?" उन्हाळाभर जंगलातले वणवे विझवणारा माणूस तो.

"तो हिरो सिगारेटी पेटत्याच फेकते. एकही विझवत नाई. त्याले कोनी पकडत काऊन नाई?"

"अहो, खून कोणी केला ते सोडून तुम्ही सिगारेटी पाहून राह्यले?" रागारागात मीच एक पेटवली, दोन झुरके मारले अन् दिली फेकून.

मडावी उठला. सागाच्या वाळल्या पानांत पडलेलं थोटूक चपलेनं नीट विझवलं अन् म्हणाला, "मास्तर, असर अजून आहे म्हनत होते ना तुम्ही? पटलं मले."