बाबारावचं मौन

मारेगावच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत बसले होते.

"बाबादादा, त्या डायरेक्टरले आता एवढी बक्षिसं भेटली, अन् तुले परत कायले बलावलं त्यानं? त्याचा पयला पिक्चर तर तूच बिघडवला."

"अर्धाच बिघडवला, कौसल्या. पयल्या अर्ध्यात मी हिंदीतल्या हिरोवानी बोंबलत होतो."

"अन् मंग एकदम मुका झाला."

"तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता ना! शूटिंग लांबलं, तलफ आली. बोलाले गेलो असतो त कॅमेरा लाल झाला असता."

"पेपरात त आलतं, का हे मौन परदेशी सिनेमातून आलं म्हणून."

"आपल्या चौकातल्या टपरीवरून आलतं."

"मंग खरं काहून नाही सांगत कोणाले?"

"सांगतलं. पुण्याचा एक पोरगा त्या मौनावर पीएचडी करून राह्यला. त्यानं इचारलं, काका, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं? म्हटलं, थुकाले जागा पाहून राह्यलो होतो."

"मंग?"

"म्हणे, मोठे कलाकार असेच नम्र असतात."

"अन् आता?"

"नव्या पिक्चरात त्याले तेच मौन पाहिजे. अन् डॉक्टरनं माहा खर्रा बंद केला."

"बडीशेप ठेव तोंडात."

"आरशासमोर ठेवून पाह्यली. नुसता बडीशेप खाणारा माणूस दिसते."

"मंग काय करशीन?"

"त्याचंच भेव वाटून राह्यलं, बाई. या खेपेले खरंच अॅक्टिंग करा लागन."