मॅडमचं ग्रोक करणं

काय झालं, परिपाठात माइकवर एक जुना इंग्रजी शब्द सांगायची माझी पाळी होती. मी कागदावरचा अर्थ पुन्हा पुन्हा वाचत होते.

"काहून घाबरून राहिली वं? अर्थ सांग अन् पळ," मैत्रीण श्रुती म्हणाली.

मी कसंबसं सांगितलं, "ग्रोक करणं म्हणजे, कुणी जेवत असताना आपल्यालाही मिळेल या आशेनं गप्प बघत राहणं."

"वाक्यात उपयोग कर," आमच्या वर्गाच्या मॅडम म्हणाल्या.

वाक्य मी तयारच केलं नव्हतं. घाबरून तोंडातून खरं तेच निघालं, "मधल्या सुट्टीत आमच्या मॅडम श्रुतीच्या डब्याकडे बघून ग्रोक करतात."

सगळं मैदान हसलं. मी रडायच्या बेतात होते.

मॅडमनी शांतपणे माइक घेतला. "वाक्य अगदी बरोबर आहे. पण श्रुती, इतकं ग्रोक करूनही तू अजून डब्यातली एकही सांबारवडी दिली नाहीस."