रेघेच्या पुढची जागा

(भोकरदन तालुक्यातलं एक गाव, जानेवारी २००२. सीमेवर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर. चतुराबाईच्या ओसरीवर सरपंच अप्पाराव आणि पेंटर चांदपाशा.)

चतुराबाई : बद्रीची जन्मतारीख कशाला लागते म्हणता, भाऊजी?

अप्पाराव : कमानीवर टाकायची, वहिनी. सव्वीस जानेवारीला उद्घाटन हाय. शेजारच्या गावात कारगिलनंतर कमान झाली, तव्हापासून ते लोक आपल्याला मोजत न्हाईत.

चतुराबाई : त्यांचा पोरगा गेल्ता. माझा जिता हाय.

अप्पाराव : न्हाई कोण म्हणतं?

चतुराबाई : चांदपाशा, तू खरं सांग. काय लिवलंस?

चांदपाशा : ‘वीर जवान बद्रीनाथ’ लिवलं, मावशी. खाली जन्मतारखेला जागा सोडली, मंग एक आडवी रेघ. रेघंच्या पुढं मोकळं ठेवलं. मी बोल्लो यांना, रेघ नको. ऐकलं न्हाई.

चतुराबाई : रेघंच्या पुढं काय येणार, भाऊजी?

अप्पाराव : तयारी ठेवावी लागते, वहिनी. लढाई होणार, बराबर होणार. आपण अणुबॉम्ब फोडला, लगेच त्यांनी फोडला. आता फौजा आणून ठेवल्यात. आधी मागं सरंल त्याचं नाक कापलं जाईल. मंग कोण सरतंय?

चतुराबाई : अन् तुम्ही? शेजारच्या गावाला कमान हाय म्हणून तुम्हाला कमान पायजे. कमानीसाठी लढाई पायजे, अन् लढाईला माझं लेकरू! किळस येते मला तुमची. माझ्या ओसरीवर बसून चहा बी पिलात.

अप्पाराव : देशाचं काम हाय हे.

चतुराबाई : देशाचं काम बद्री करून राह्यला. गेल्या इतवारी किराणा दुकानात फोन आल्ता त्याचा. म्हणला, माय, लोकांच्या उभ्या पिकात सुरुंग पुरून राह्यलो. रानाचा मालक बांधावर बसून बघतो, अन् मला मान वर करवत न्हाई. शेतकऱ्याचं पोरगं हाय ते. फोनवर रडलं. तुम्ही त्याला आताच मारून ठेवलं, पुढाऱ्याच्या हातानं फीत कापायला!

चांदपाशा : तौबा, तौबा.

अप्पाराव : पुढाऱ्याला सांगून झालंय, वहिनी. मंडप ठरला. आता मागं सरलो तर गावाची इज्जत...

चतुराबाई : रंग वाळला का रे, चांदपाशा?

चांदपाशा : न्हाई, मावशी. सकाळीच मारला. थंडीत जल्दी वाळत न्हाई.

चतुराबाई : मंग थांब. राकेल अन् फडकं घेऊन आलेच.